बेस ट्यूब राहू द्या, आधी दार उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षाची स्विफ्ट, कंपनीचाच स्टिरिओ. कर्वेनगर ते हिंजवडी रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत जातात. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि जुनं नाट्यसंगीत. तक्रारी तीन: शब्द नीट कळत नाहीत, सगळा आवाज उजव्या गुडघ्यापाशी गोळा होतो, आणि आवाज वाढवला की दार थरथरतं. दुकानदाराने बारा इंची बेस ट्यूब (नळकांड्यातला सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि 'दोन हजार वॅट'चा अँप (ॲम्प्लिफायर) सुचवलाय. हाताशी पन्नास हजार आहेत. शिवाय मागच्या दारांतले स्पीकर बदलायचे का आणि वॉरंटीचं काय, असे दोन उपप्रश्न.

मी गाडीतल्या आवाजाचा हा छंद गेली सतरा-अठरा वर्षं करतोय. सेकंडहँड झेनपासून सुरुवात केली. आता स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून वीसेक गाड्यांची दारं उघडून झाली आहेत. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीवरही बेस ट्यूब हा इलाज नाही. शब्द कळतात ते साधारण ३०० ते ४००० हर्ट्झमध्ये. बेस ट्यूब काम करते १०० च्या खाली. तिथे आवाज वाढवला तर शब्द आणखी बुडतील. आवाज उजवीकडे गोळा होतो कारण उजव्या दाराचा स्पीकर तुम्हाला जवळ आहे आणि डावा लांब. आणि दार थरथरतं कारण ते पातळ पत्र्याचं आहे. तिन्ही गोष्टींचं मूळ दारात आणि ट्यूनिंगमध्ये आहे. पैसे तिकडे घाला.

आता त्या दोन हजार वॅटबद्दल, कारण हा आकडा ऐकून भल्याभल्यांचा हात पाकिटाकडे जातो. तुमच्या स्टिरिओसारख्या कुठल्याही साध्या स्टिरिओच्या खोक्यावर '५० × ४' (चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट) लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओच्या आतली चिप तेवढाच व्होल्टेज स्पीकरच्या दोन टोकांत उलटसुलट फिरवू शकते. ४ ओहमच्या स्पीकरवर स्वच्छ साइन लहर वाजवली तर गणिताने जास्तीत जास्त २६ वॅट निघतात, प्रत्यक्षात अठरा-वीस. मग ५० कुठून आले? लहरीची डोकी आणि बुडं पार कापून तिची चौकोनी लहर केली, की १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२ येतात. खोक्यावर तो आकडा छापतात. तो आवाज गाणं म्हणून ऐकण्यासारखा नसतो. मोठ्या अँपच्या बाबतीत मी खोकं वाचतच नाही, फ्यूज बघतो. अँपवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८, म्हणजे ४१४ वॅट तो बॅटरीकडून घेऊ शकतो. अँपची रचना क्लास डी प्रकारची असेल तर त्यातले ऐंशी टक्के स्पीकरपर्यंत पोचतील, क्लास एबी असेल तर साठ टक्के. 'दोन हजार'चे अडीचशे-तीनशे तिथल्या तिथे समजतात. दुकानात उभं राहून हा हिशोब करा, कोणी अडवत नाही.

आता दार.

स्पीकरची डिश पुढे सरकते तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ताणली जाते. या दोन लहरी एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. मागची लहर फिरून पुढे आली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि खालच्या स्वरांत हे सगळ्यात जास्त होतं, कारण त्या लहरी लांब असतात आणि कुठल्याही भोकाला वळसा घालून येतात. घरच्या स्पीकरला म्हणूनच लाकडी डबा असतो. गाडीत डबा कोणता? दारच. पण कारखान्यातून आलेलं दार उघडून बघा. आतल्या पत्र्याला काचेची मोटर बसवायला, लॉक बसवायला हात जाईल एवढी मोठी भोकं असतात, आणि त्यांच्यावर फक्त एक पातळ प्लास्टिक फिल्म चिकटवलेली असते. ती फिल्म पाण्यासाठी आहे, आवाज अडवायला नाही. अशा दारात पंचवीस हजारांचा स्पीकर बसवला तरी तो फुटक्या माठात वाजल्यासारखा वाजणार. उलट कंपनीचाच स्पीकर ठेवून फक्त दार नीट बंद केलं, तरी पहिल्याच दिवशी तबल्यातला फरक ऐकू येतो. हे मी मित्रांना मुद्दाम करून दाखवतो: एक दार केलेलं, एक न केलेलं, बॅलन्स डावीकडे-उजवीकडे फिरवायचा. दोन मिनिटांत पटतं.

काम असं. काच पूर्ण वर घ्या. हँडलमागचे आणि आर्मरेस्टच्या खाचेतले स्क्रू काढा, मग दाराच्या आतल्या पॅडच्या कडेने प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा एकेक सोडवा. धातूचा स्क्रूड्रायव्हर घालू नका, पॅडला वळ उठतो. पॅड लगेच ओढू नका, मागे स्विचचे कपलर (तारांचे जोड) आणि हँडलची केबल असते. फिल्म हळूच सोडवा. तिच्या मागचा काळा चिकट दोर हाताला लागला की दोन दिवस जात नाही, हातमोजे घाला. आता बाहेरच्या पत्र्यावर आतून बोटाच्या पेराने टकटक करा. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येईल. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीटचे (पत्र्याची थरथर मुरवणारी, वरून ॲल्युमिनियम असलेली चिकट रबरी शीट) तुकडे लावायचे, मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर. तीस-चाळीस टक्के भाग झाकला तरी पुरतो. सगळं दार मढवलं की वजन वाढतं, पैसे जातात, आणि जास्तीचा फायदा फार थोडा. शीट लावली म्हणजे झालं असं नाही, रोलरने इतकं दाबायचं की ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईल. मग पुन्हा टकटक करा. आता तोच पत्रा जाड पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा 'ठप' असा बसका वाजेल. हा फरक बोटाला आधी कळतो, मग कानाला.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी शीट स्वस्त मिळते म्हणून कोणी सुचवेल. घेऊ नका. पुण्याच्या एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. डांबर मऊ पडून खाली ओघळतं आणि गाडीत वास भरतो. ब्यूटाइल मात्र गरमीत उलट छान चिकटतं, म्हणून हे काम मी उन्हाळ्यातच करतो. डिसेंबरच्या सकाळी करायचं झालं तर हेअर ड्रायर हाताशी ठेवा.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायला एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मापात कापून, कडेला ब्यूटाइल लावून स्क्रूने बसवा. उद्या काचेची मोटर गेली तर मेकॅनिकला तो सोडवता आला पाहिजे. लॉकच्या दांड्या, काचेची तार, एअरबॅगचे सेन्सर मोकळे राहिलेच पाहिजेत.

आणि आता कृपा करून नीट वाचा: दाराच्या अगदी तळाला छोटी आडवी भोकं असतात, पाणी वाहून जायला. ती बंद करायची नाहीत. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरणारच, गाडी तशीच बनवलेली असते. माझ्या दुसऱ्या गाडीला मी स्वतः हात न लावता एका दुकानातून डॅम्पिंग करून घेतलं होतं. जुलैत ताम्हिणीहून परत आलो आणि डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं. मी एसीचा ड्रेन बघितला, काचेचं रबर बघितलं, आठ दिवस शोधत होतो. शेवटी पॅड काढला. शीट थेट तळापर्यंत ओढून भोकांवर चिकटवलेली होती. स्क्रूड्रायव्हरने टोक सोडवलं तर गढूळ पाण्याची धार पायांवर आली. स्पीकरखालची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याची) रिंग भिजलेल्या खारी बिस्किटासारखी फुगून पापुद्रे सुटलेली, आणि स्पीकरची चौकट गंजलेली. स्पीकर गेला तो गेलाच, दाराच्या तळाला आतून गंज धरला तो वेगळा. दुकानात काम देणार असाल तर पॅड परत बसवण्याआधी तुम्ही तिथे उभे राहा आणि भोकांतून बोट फिरवून बघा.

त्या अनुभवानंतर मी एमडीएफची रिंग वापरणं सोडलं. भोसरी एमआयडीसीत छोटी सीएनसी कटिंगची वर्कशॉप आहेत, तिथे एचडीपीई प्लास्टिकच्या जाड पत्र्यातून रिंग कापून मिळतात. मित्रांच्या गाड्या धरून चार-पाच जोड्या एकदम सांगितल्या तर कापणारा नाही म्हणत नाही. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी घाला, आणि स्पीकरच्या पुढच्या कडेलाही गोल फोम लावा, म्हणजे पॅड बसल्यावर तो जाळीला टेकेल आणि आवाज पॅडच्या आत न जाता बाहेर येईल. या फोमला जेमतेम दोनशे रुपये लागतात आणि शब्दांच्या स्पष्टतेत त्याचा वाटा मोठा आहे.

पॅड लावण्यापूर्वी फोनवर टोन जनरेटर घेऊन ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जा. कुठेतरी दार खुळखुळेल. तिथे थांबा आणि हाताने एकेक वस्तू धरून बघा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा लॉकची दांडी दोषी निघते. तिला मखमली टेप गुंडाळली की गप्प बसते. दाराला एक रविवार पूर्ण द्या, दोन दारांना दोन रविवार.

स्पीकरची निवड मी थोडक्यात उरकतो, कारण लोक नेमकी तीच नको इतकी ताणतात. पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची कंपोनंट सेट घ्या, म्हणजे वूफर (खालच्या-मधल्या स्वरांचा) वेगळा आणि ट्विटर (वरच्या स्वरांचा) वेगळा. दहा-बारा हजारांच्या आसपासचा कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा चालेल, नकली माल टाळा आणि बिल घ्या. ट्विटर आरशाच्या आतल्या त्रिकोणी पट्टीत बसवा. पुढच्या काचेच्या खांबात बसवायचा मोह होतो, पण तुमच्या व्हेरिअंटला कर्टन एअरबॅग असेल तर ती छताच्या कडेतून त्या खांबालगतच उघडते. तिथे काहीही बसवायचं नाही.

अँप मात्र विचार करून. तुमच्यासाठी मी चार चॅनेलचा, आत डीएसपी (प्रत्येक स्पीकरचे स्वर, वेळ आणि पातळी बदलू देणारी चिप) असलेला छोटा अँप घेईन. चार चॅनेल म्हणजे दोन वूफर आणि दोन ट्विटर, प्रत्येकाला स्वतंत्र. असे अँप सीटखाली मावतात, स्टिरिओच्या स्पीकर तारांवरूनच सिग्नल घेतात, आणि स्विफ्टसारख्या खपाच्या गाड्यांसाठी कपलर तयार मिळतात. एकही तार कापावी लागत नाही. चॅनेलला खरे पन्नास-साठ वॅट भरपूर झाले. यात तुमचे निम्म्याच्या आसपास पैसे जातील. स्पीकर, डॅम्पिंग आणि वायर धरून पन्नासाच्या आत बसतं. सबवूफर सहा महिन्यांनी घ्या, तोवर त्याची किती गरज आहे ते तुमच्या कानांनाच कळेल.

वायरबद्दल हलगर्जी नको, कारण गाडी पेट घेण्याचा प्रश्न आहे. बॅटरीवरून अँपला जाणाऱ्या तारेवर फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज अँपसाठी नसतो, तारेसाठी असतो. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला वाचवणारं कोणी नसतं. पत्र्यातून आत येताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी कडी) हवाच. बाजारात '४ गेज' म्हणून मिळणारी तार पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, जिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. एक केस काढून ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. वरून पांढरं आणि आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते उत्तम. खरं ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर तांबं, ८ गेज म्हणजे सुमारे ८.४. जाड रबराला फसू नका. तुमच्या अँपला खरं ८ गेज पुरेल, पण पुढे सबवूफर येणार म्हणून एकदाच ४ ओढून ठेवा. अर्थची तार अर्ध्या मीटरहून लांब नको, आणि जिथे लावाल तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ लावू नका. इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर दहातल्या नऊ वेळा हा अर्थच कच्चा असतो. लग्ज (तारेच्या टोकाला लावायच्या कड्या), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), मल्टिमीटर तपकीर गल्लीत चांगले मिळतात. गाडीचे कपलर, क्लिपा आणि पॅडचं बाकी सामान नाना पेठेत.

अँपवरचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा) म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. स्पीकर सोडवा, १००० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, आणि अँपच्या तोंडावर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ काढा: ५० वॅट आणि ४ ओहम असतील तर सुमारे १४.१ व्होल्ट. तिथवर गेन चढवा आणि थांबा. ट्विटर परत जोडण्याआधी मात्र डीएसपीत त्याचा क्रॉसओव्हर (कुठले स्वर कोणत्या स्पीकरला जायचे ते ठरवणारी गाळणी) लावून सेव्ह झालाय ना, ते दोनदा बघा. मी एकदा रिकामा प्रीसेट लोड केला आणि नवा ट्विटर पहिल्याच तबल्याच्या थापेला जळला. तेव्हापासून ट्विटरला मी सुरुवातीला फार जपतो आणि त्याच्या तारेत मालिकेत एक कपॅसिटर ठेवतो.

आता ट्यूनिंग. माझ्या मते इथे खरा छंद सुरू होतो, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात.

आधी क्रॉसओव्हर. ट्विटर ३००० हर्ट्झच्या वर, वूफर ३००० च्या खाली, उतार सप्तकाला २४ डेसिबेल. वूफरला खालूनही कुंपण हवं: सबवूफर नसेपर्यंत ६० हर्ट्झ, तो आला की ८०. हे कुंपण घातलं की दाराचा स्पीकर न झेपणाऱ्या स्वरांशी झगडायचं सोडतो आणि गळा एकदम मोकळा होतो.

मग वेळ. आवाज एका मिलिसेकंदात ३४.३ सेंटिमीटर जातो. चालकाच्या जागेवर बसा, डोकं नेहमीच्या ठिकाणी ठेवा, आणि कोणालातरी टेपने नाकापासून प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. समजा उजवा वूफर ८५ सेंटिमीटरवर आहे, डावा १४० वर. फरक ५५, म्हणजे १.६ मिलिसेकंद. उजव्याला तेवढा उशीर द्या. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो टाकून बटण दाबल्या क्षणी गायक उजव्या गुडघ्यावरून उठून बॉनेटच्या मध्यावर जाऊन बसतो. हा क्षण मी इतक्या वेळा पाहिला आहे, तरी दर वेळी शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्याकडे बघतो. एका मित्राच्या आईने तर पुढे वाकून डॅशबोर्डवर मधला स्पीकर कुठे लपवलाय ते शोधलं होतं. काकूंना पटेना की तिथे काहीच नाही.

टेपचे आकडे ही सुरुवात आहे. पुढे कान चालवा. यासाठी तुमच्याकडे सगळ्यात उत्तम साधन आधीच आहे: जुनं नाट्यसंगीत. ते ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांत अगदी तेच. बरोबर ट्यून केलेल्या गाडीत अशा गाण्यातला गळा मध्यावर एका मुठीएवढ्या जागेत बसला पाहिजे. वरच्या पट्टीत तान गेली की गळा डावीकडे सरकतो का? मग ट्विटरच्या पातळीत किंवा वेळेत फरक आहे. खालच्या स्वरात उजवीकडे ओघळतो का? मग वूफरमध्ये. वेळ ०.०५ मिलिसेकंदाने हलवत जा आणि ऐका.

नंतर ईक्यू, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणं. मोजणीचा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर. पिंक नॉइज (सगळे स्वर एकत्र असलेला घोंगाट) वाजवून माइक डोक्याच्या जागेभोवती सावकाश फिरवत सरासरी घ्यायची. एका जागी स्थिर ठेवून मोजलं तर काचांवरून येणारे परावर्तन आकडे फसवतात. डावी बाजू एकटी मोजा, उजवी एकटी मोजा, दोघींना एकमेकींसारखं करा, मगच दोन्ही एकत्र. उंचवटे कापा. खड्डे भरायला जाऊ नका. गाडीतले खोल खड्डे बहुतेक वेळा दोन लहरी एकमेकींना खाल्ल्याने पडतात, तिथे जितकं ओताल तितकं खाल्लं जातं, आणि फुकट स्पीकर तापतो. शब्द कळत नाहीत ही तुमची तक्रार मला १५० ते ३०० हर्ट्झच्या फुगवट्यात दडलेली वाटते. छोट्या गाडीत तिथे जवळजवळ नेहमीच तीन-चार डेसिबेल जादा असतात आणि गळ्यावर गोधडी घातल्यासारखं होतं. तेवढं काढा. सपाट रेष आणायचा हट्ट धरू नका. खाली १०० हर्ट्झच्या आत सहा ते आठ डेसिबेल उंच आणि वर हळूहळू उतरती, अशी रेष गाडीत कानाला बरी वाटते, कारण बायपासवर चाकांचा घुमारा खालचेच स्वर झाकतो.

पिंक नॉइज धबधब्यासारखा ऐकू येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी, काचा बंद करून, साधारण ७५ डेसिबेलवर करा. तासाभराने थांबा. थकलेला कान चुकीचे निर्णय घेतो, आणि रात्री केलेलं ट्यूनिंग सकाळी कर्कश वाटतं.

सगळ्यात शेवटी माझी कसोटी: तानपुरा. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये लावला असेल तर जोडाच्या (मधल्या दोन) तारा १३८.६ हर्ट्झला आणि खर्जाची तार नेमकी एक सप्तक खाली, ६९.३ ला. आता बघा, पुढे सबवूफर आल्यावर तुमचा क्रॉसओव्हर ८० ला असेल. म्हणजे एकाच वाद्याच्या दोन तारा कुंपणाच्या दोन बाजूंना! जोडाचा मूळ स्वर दारातून येणार, खर्जाचा डिकीतून. मेळ बरोबर जमला असेल तर चारही तारा एकाच भोपळ्यातून, समोरून येतात आणि जवारी (तारांची गुंजणारी झणझण) वर तरंगत राहते. जमला नसेल तर दर चौथ्या तारेला मागून कोणीतरी गादीवर बुक्की मारल्यासारखं होतं. खर्जाच्या तारेत मूळ स्वरापेक्षा वरचे स्वरांश जास्त बोलतात, म्हणून सबवूफर थोडा जरी जादा असला तरी तो लगेच उघडा पडतो. ठोकळेबाज इलेक्ट्रॉनिक संगीतात ही चूक महिनोन्महिने लपते, तानपुऱ्यात दहा सेकंदांत सापडते. दुसरी कसोटी डग्गा. घिस्सा घेताना (तळवा पुडीवर दाबत सरकवताना) स्वर खालून वर चढतो. तो चढताना आवाज डिकीतून दारात उडी मारताना ऐकू आला, तर सबवूफरची वेळ चुकली आहे.

ती वेळ टेपने मोजून लागत नाही, कारण फिल्टर स्वतःच उशीर करतो. सबवूफरची पोलॅरिटी (अधिक-उणे तारांची दिशा) मुद्दाम उलटी करा, ८० हर्ट्झच्या आसपासचा टोन लावा, आणि बाकीच्यांचा उशीर एकत्र सरकवत आवाज सगळ्यात कमी कुठे होतो ते शोधा. मग पोलॅरिटी सुलट करा. जिथे सगळ्यात जास्त खाल्लं जात होतं, तिथेच आता सगळ्यात नीट जुळतं.

सबवूफर घ्याल तेव्हा बंद पेटीतला दहा इंची घ्या. आतून ३० × ३० × २० सेंटिमीटर, म्हणजे १८ लिटर, बहुतेक दहा इंची सबवूफरना पुरतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटर प्लाय कापून आणा, सांध्यांना आतून सीलंट. छोट्या गाडीच्या बंद हवेत साधारण ७० हर्ट्झच्या खाली आवाज आपोआप वाढत जातो, त्यामुळे फार ताकद लागत नाही. बारा इंची ट्यूब डिकी खाते आणि मारूबिहाग रागाच्या काही कामाची नाही.

मागचे स्पीकर बदलू नका. मैफलीत कोणी आपल्या पाठीमागे बसून गात नाही. फेडर पुढे आणा. मागे घरचे बसले की थोडा मागे सरकवा, बास.

वॉरंटीचं म्हणाल तर कपलर लावून केलेलं काम परत काढता येतं, म्हणून तार कापायला कोणालाही देऊ नका. बॅटरी आणि अँपच्या जोडण्यांचे फोटो, सगळी बिलं जपून ठेवा. काम सुरू करण्याआधी तुमच्या सर्व्हिस सेंटरला ईमेल करून लेखी उत्तर मागा, तोंडी 'चालतंय' वर जाऊ नका. विम्याचं नूतनीकरण करताना अँप आणि स्पीकर इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून जादा हप्त्यावर पॉलिसीत नोंदवता येतात. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर भरपाई मागणं अवघड.

येत्या रविवारी फक्त डावं दार उघडा. डावं अशासाठी, की चालकाच्या दाराला स्विच जास्त असतात आणि पहिल्या खेपेला हात अडखळतो. अंदाजे चार ब्यूटाइल शीट, एक रोलर, दोन फोम रिंगा आणि प्लास्टिक पट्ट्यांचा संच एवढंच आणा. स्पीकर कंपनीचाच राहू द्या. पॅड बसवण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघा, तळाची भोकं बोटाने तपासा, वरून एक तांब्या पाणी काचेच्या फटीत ओता आणि ते खालून वाहून जातंय ना ते बघा. मग सोमवारी चांदणी चौकातून जाताना बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून तोच तबला ऐका, आणि काय ऐकू आलं ते मला कळवा. अँपचं त्यानंतर बोलू.